लाकडावरची रांगोळी

बालमित्रांनो, उन्हाळा लागला की बाजारात माठ येतात. आजीबरोबर माठ आणायला गेला असाल, तर एक गोष्ट तुम्ही नक्की पाहिली असेल. आजी माठ उचलते, एका हाताने काठाला धरते आणि दुसऱ्या हाताने त्याला टिचकी मारते. टण्ण आवाज आला तर माठ घ्यायचा. भद्द आवाज आला तर परत ठेवायचा, कारण कुठेतरी बारीक चीर गेलेली असते. आता 'टण्ण' म्हणजे नेमकं किती टण्ण, हे आजीला विचारून बघा. ती म्हणेल, "अरे, ते कानाला कळतं!"

आज मी तुम्हांला ज्यांची गोष्ट सांगणार आहे, त्यांनी हेच उत्तर ऐकलं आणि पुढचा प्रश्न विचारला. कानाला कळतं ते खरंच, पण काय कळतं? त्या अमेरिकेत राहत होत्या, शाळेत विज्ञान शिकवत होत्या आणि घरी व्हायोलिनं बनवत होत्या. नाव कार्लीन हचिन्स. शाळेत शिकवायच्या, म्हणजे आपण त्यांना हचिन्सबाईच म्हणू या, काय?

पण आधी व्हायोलिनशी ओळख हवी. प्रभाकर जोगांचं 'गाणारं व्हायोलिन' तुमच्या आईबाबांनी ऐकलं असेल, त्यांना विचारा. आपल्याकडे पुष्कळ वादक मांडी घालून बसतात आणि व्हायोलिनचं टोक पावलावर टेकवतात. युरोप-अमेरिकेत ते हनुवटीखाली धरतात. वाजवायची तऱ्हा निराळी, वाद्य मात्र तेच.

एक गंमत करा. रबरबँड दोन बोटांत ताणून छेडा. आवाज जेमतेम येतो. आता तोच रबरबँड उघड्या कंपासपेटीवर ताणून छेडा. आवाज कितीतरी मोठा! तार बारीक असते, ती हवेला कितीशी ढकलणार? तार पेटीला हलवते आणि पेटी हवेला हलवते. म्हणून व्हायोलिनमध्ये तारांपेक्षाही पेटी महत्त्वाची. या पेटीची वरची फळी स्प्रूस नावाच्या हलक्या लाकडाची असते आणि खालची फळी मेपलच्या जड लाकडाची. तारा ज्या घोडीवर टेकलेल्या असतात ती वरच्या फळीवर उभी असते. पेटीच्या आत, दोन फळ्यांच्या मध्ये, पेन्सिलीएवढी एक काडी नुसती दाबून बसवलेली असते. तिला ना खिळा, ना सरस. ती जराशी सरकली तरी आवाज बदलतो. इटलीत आणि फ्रान्समध्ये या काडीला जे नाव आहे, त्याचा अर्थ 'आत्मा'!

सगळ्यांत नावाजलेली व्हायोलिनं बनली ती इटलीतल्या क्रेमोना या गावात. तिथल्या अंतोनियो स्त्रादिवारी या कारागिराला जाऊन पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली (तो 1737 मध्ये वारला). त्याची सुमारे साडेसहाशे वाद्यं आजही शिल्लक आहेत. त्यांतलं एक व्हायोलिन 2011 मध्ये लिलावात 1 कोटी 59 लाख डॉलरला गेलं. त्या वेळच्या हिशेबाने सत्तर कोटी रुपयांच्या वर. एक व्हायोलिन!

मग लोक म्हणू लागले की त्याच्याकडे काहीतरी गुपित होतं. कुणी म्हणे रोगणात, कुणी म्हणे लाकडात. कारागीर आपली विद्या शिष्याला हाताला धरून शिकवायचे, बाहेरच्याला सांगायचे नाहीत. आपल्याकडेही असं घडलंच की. एखादी चीज, एखादं औषध, एखादी रंगाची कृती माणसाबरोबर गेली.

हचिन्सबाईंचा जन्म 1911 चा. लहानपणीच त्यांना सुतारकामाचा नाद लागला. त्या काळी मुलींच्या हातात करवत-रंधा देणारे आईवडील थोडे, पण यांना तो मिळाला. वाद्य म्हणाल तर ट्रंपेट, म्हणजे बँडमध्ये असते ती पितळी तुतारी. पुढे त्या जीवशास्त्र शिकल्या आणि न्यूयॉर्कच्या एका शाळेत विज्ञान शिकवू लागल्या. त्या शाळेतल्या काही शिक्षिका फावल्या वेळात एकत्र बसून व्हायोलिन, सेल्लो वाजवत. या मंडळीत ट्रंपेटचं काय काम? तिने तोंड उघडलं की बाकी कुणाचं ऐकूच येणार नाही. त्यांना हवा होता व्हायोला वाजवणारा माणूस. व्हायोला म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, आकाराने थोडा मोठा आणि आवाजाने खालचा. हचिन्सबाईंनी 75 डॉलरला एक व्हायोला विकत घेतला आणि शिकायला सुरुवात केली.

व्हायोला काही मनासारखा वाजेना. तेव्हा बाई म्हणाल्या, मीच एक बनवते.

बरोबरीच्या एक शिक्षिका म्हणाल्या, तुझा व्हायोला पूर्ण झाला तर मी माझी टोपी खाईन! आपण कसं म्हणतो, 'असं झालं तर नाव बदलून ठेवीन', तशी ही त्यांच्याकडची पैज. बाईंनी 1947 मध्ये काम हाती घेतलं. घर सांभाळून, मूल सांभाळून, जमेल तसं. दोन वर्षं लागली. 1949 मध्ये व्हायोला तयार झाला आणि वाजलाही. मग त्यांनी तो न्यूयॉर्कमधले नावाजलेले कारागीर कार्ल बर्गर यांना नेऊन दाखवला आणि त्यांच्याकडेच शिकायला लागल्या. पुढे सिमोने साकोनी या इटालियन उस्तादांकडेही शिकल्या. तेव्हा त्या चाळिशीच्या आसपास होत्या आणि सगळं पहिल्यापासून. आईबाबांनो, हे वाक्य तुमच्यासाठी.

तिथे त्या काय शिकल्या? लाकडाचा जाड तुकडा घ्यायचा. गोल पटाशीने बाहेरून फुगीर करायचा, मग आतून कोरत जायचं. फळी पातळ होत होत तीन मिलिमीटरच्या आसपास येते. कारागीर ती दोन बोटांत धरतो, कानाशी नेतो आणि बोटाच्या पेराने ठोकतो. टक्! अजून नाही. थोडं खरवडतो. टक्! अजून थोडं. शेवटी एकदा मान हलवतो आणि फळी बाजूला ठेवतो. बस, झाली. अगदी माठवाल्या आजीसारखं! पण इथे एक पंचाईत आहे. भाजीत मीठ कमी पडलं तर वरून घालता येतं. फळीवरचं लाकूड एकदा खरवडलं की परत चिकटवता येत नाही. एक हात जास्त फिरला की कित्येक दिवसांची मेहनत वाया.

विज्ञानाच्या बाईंना हे स्वस्थ बसू देईना. उस्तादाला काय ऐकू आलं? ते दुसऱ्याला कसं सांगायचं? आणि ज्याचा कान अजून तयार झालेला नाही, त्याने काय करायचं?

इथे गोष्टीत एक आजोबा येतात. फ्रेडरिक साँडर्स. हार्वर्ड विद्यापीठातले मोठे भौतिकशास्त्रज्ञ, तोवर निवृत्त झालेले. व्हायोलिनचा आवाज यंत्रांनी मोजायचा त्यांना छंद होता आणि कित्येक वर्षं त्यांनी तो जोपासला होता. त्यांची अडचण एकच. आवाज बाहेरून मोजता येत होता, पण 'वरची फळी अर्धा मिलिमीटर पातळ केली तर काय होईल' हे बघायचं कसं? लाखमोलाचं वाद्य कोण कापू देईल? हचिन्सबाई म्हणाल्या, मी बनवते आणि आपण कापू.

मुलांनो, इथे जरा थांबा. मातीचा किल्ला करायला तुम्हांला दोन दिवस लागतात आणि धाकट्या भावाने बुरुजाला नुसता हात लावला तरी तुमचा केवढा आरडाओरडा होतो! इथे महिनोन् महिने खपून केलेलं वाद्य बाई स्वतःच्या हाताने उघडायच्या, खरवडायच्या, पुन्हा जोडायच्या, पुन्हा मोजायच्या. (व्हायोलिन सरसाने जोडतात ते याचसाठी. सरस धरून ठेवतो, पण पातळ सुरीने सांधा उकलताही येतो.) एक व्हायोला तर त्यांनी मुद्दामच सपाट फळ्यांचा केला, म्हणजे बदल करायला सोपा. तो इतका चपटा दिसायचा की त्याचं नाव पडलं 'पॅनकेक', आपण त्याला 'धिरडं' म्हणू! पुढे एका व्हायोलिनच्या बाजूच्या पट्टीला त्यांनी साठाहून जास्त भोकं पाडली आणि प्रत्येक भोकाला बूच बसवलं. हे बूच काढा, ते बूच लावा, आतली हवा आवाजाला कशी मदत करते ते बघा. एका चीजमध्ये भोकं असतात ना, त्या चीजचं नाव या व्हायोलिनला दिलं, 'ग्रुएर'.

आता येते रांगोळी.

एर्न्स्ट क्लाडनी नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने 1787 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. धातूची पातळ पट्टी मध्ये घट्ट धरायची, तिच्यावर बारीक वाळू पसरायची आणि पट्टीच्या काठावरून व्हायोलिनचा गज ओढायचा. पट्टी गाऊ लागते, वाळू नाचू लागते आणि बघता बघता वाळूची नक्षी तयार होते! चांदण्या, वर्तुळं, जाळ्या. हा प्रयोग त्याने नेपोलियनसमोरही करून दाखवला. नक्षी होते कशी? पट्टी कंप पावते तेव्हा तिचा सगळा भाग सारखा हलत नाही. काही भाग जोरात हलतो, काही रेषा जवळजवळ स्थिर राहतात. हलणाऱ्या भागावरची वाळू उडून उडून त्या स्थिर रेषांवर जाऊन बसते. शाळा सुटल्यावर धक्काबुक्की चालू असते तेव्हा शहाणी मुलं कशी भिंतीकडेला उभी राहतात? तसंच.

हचिन्सबाईंनी व्हायोलिनच्या फळीवर हेच केलं. जोडायच्या आधीची सुटी फळी मऊ स्पंजच्या तुकड्यांवर आडवी ठेवायची, खोलगट बाजू वर. खाली लाउडस्पीकर. फळीवर चकचकीत चुरा भुरभुरायचा. मग विजेच्या यंत्राने एकच सूर वाजवायचा आणि तो हळूहळू चढवत न्यायचा. बराच वेळ काहीच होत नाही, चुरा जागच्या जागी थरथरतो. आणि एका नेमक्या सुराला फळी एकदम जागी होते. चुरा सैरावैरा धावतो आणि फुलीसारख्या दोन रेषांवर जाऊन थांबतो. सूर आणखी चढवा. फुली मोडते, पुन्हा गोंधळ. मग आणखी वर, सेकंदाला साडेतीनशे कंपनांच्या आसपास, चुरा फळीच्या काठाकाठाने गोल रिंगण धरतो.

आता कळलं का त्या 'टक्'मध्ये काय दडलेलं होतं? कारागीर फळी ठोकतो तेव्हा हे सगळे सूर एकदम उमटतात. तयार कानाला ते वेगवेगळे कळतात, आपल्याला नुसतं 'टक्' ऐकू येतं. हचिन्सबाईंनी कानाला ऐकू येणारी गोष्ट डोळ्यांना दाखवली. रिंगण एका बाजूला तुटकं दिसलं किंवा फुली तिरपी पडली, की समजायचं फळी सगळीकडे सारखी वाकत नाही. मग कुठे खरवडायचं ते ठरवायचं. थोडं खरवडा, पुन्हा चुरा भुरभुरा, पुन्हा सूर लावा. त्यांना असं आढळलं, की चांगल्या फळीत रिंगणाचा सूर फुलीच्या सुराच्या बरोबर दुप्पट कंपनांचा असतो. गाणं शिकणाऱ्या मुलांना हे चटकन कळेल. एक मधला 'सा', दुसरा वरचा 'सा'!

लक्षात घ्या, यंत्राने फळी कोरली नाही. कोरायची ती हातानेच, त्याच जुन्या पटाशीने. यंत्राने फक्त सांगितलं, बाई, इथे जरा जास्त राहिलंय.

आणि मग त्यांनी जे केलं ते मला सगळ्यांत आवडतं. त्यांनी हे सगळं छापून टाकलं! 'सायंटिफिक अमेरिकन' या विज्ञान मासिकात 1962 मध्ये त्यांचा लेख आला, फळ्यांविषयीचा 1981 मध्ये. आकडे, आकृत्या, सगळं उघड. 1963 मध्ये त्यांनी, साँडर्स आजोबांनी आणि मित्रांनी मिळून एक मंडळ काढलं. नाव ठेवलं 'कॅटगट अकूस्टिकल सोसायटी'. कॅटगट म्हणजे आतड्याची तार. (आतडं मेंढीचं असतं हो, मांजरीचं नाही, नाव तेवढं मांजरीचं!) या मंडळात कारागीर आणि शास्त्रज्ञ एकमेकांना पत्रं लिहू लागले. सगळ्यांना हे आवडलं असं नाही. कलेत हे आकडे कशाला आणले, असं नाक मुरडणारे पुष्कळ होते. शिवाय ना मोठं दुकान, ना घराण्याची परंपरा. घरातल्या कारखान्यात काम करणारी एक शिक्षिका!

आता एक चोरीची गोष्ट. हो, चोरीचीच!

डॉ. व्हर्जिनिया अपगार या न्यूयॉर्कमधल्या नामवंत डॉक्टर. त्यांचं नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण तुमच्यातल्या बऱ्याच जणांची पहिली परीक्षा त्यांच्याच पद्धतीने झाली आहे. 1952 मध्ये त्यांनी नवजात बाळाला गुण द्यायची पद्धत काढली. रंग, नाडी, श्वास, हातापायांतला जोर आणि चिमटा काढल्यावर ते तोंड कसं करतं, अशा पाच गोष्टी. प्रत्येकीला दोनपैकी गुण, एकूण दहा. बाळ जन्मल्यावर एका मिनिटाने आणि पाच मिनिटांनी हे गुण द्यायचे. त्याआधी 'बाळ बरं दिसतंय' एवढ्यावर कित्येकदा भागवलं जायचं आणि अशक्त बाळाकडे वेळेवर लक्ष जायचंच असं नाही. आपल्याकडच्या इस्पितळांतही ही पद्धत आहे. तर या डॉक्टरीणबाई हचिन्सबाईंकडे वाद्यं बनवायला शिकत होत्या.

एकदा इस्पितळातल्या एका टेलिफोनच्या खोक्यात, म्हणजे पूर्वी उभं राहून फोन करायची बंदिस्त जागा असे ना, तिथे हचिन्सबाईंना फळी दिसली. जुन्या मेपलची, सुरेख रेषांची. व्हायोलाच्या पाठीला अगदी हवी तशी! साधी मागून ती फळी मिळेना. मग एका रात्री दोघी तिथे पोचल्या. हचिन्सबाईंनी तसाच रंग दिलेली दुसरी फळी करून आणली होती. डॉ. अपगार बाहेर पहाऱ्यावर. फळी निघाली, पण नवी फळी नखभर लांब भरली! बाईंनी ती जवळच्या बायकांच्या प्रसाधनगृहात नेली आणि करवतीने कापायला बसल्या. तेवढ्यात एक परिचारिका तिथून गेली. आतून खर्रर्र खर्रर्र आवाज! डॉक्टरीणबाईंनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, की दुरुस्तीच्या माणसांना याच वेळी काम करता येतं. ती फळी पुढे खरोखरच व्हायोलाची पाठ झाली.

ही गोष्ट मी आमच्या वर्गात सांगितली तेव्हा मुलं आधी खदखदून हसली आणि मग भांडायला लागली. "बाई, बदल्यात फळी दिली म्हणजे चोरी नाही!" "न विचारता घेतली म्हणजे चोरीच!" तास संपला तरी भांडण संपेना. तुमच्या घरी काय ठरतं ते बघा. (मला विचाराल तर मी परवानगी घेतली असती. पण मग व्हायोला झाला नसता, हेही खरं.)

1994 मध्ये अमेरिकेने डॉ. अपगार यांचं टपाल तिकीट काढलं, तेव्हाच्या समारंभात त्यांनी स्वतः बनवलेली वाद्यं वाजवली गेली.

आता मघाच्या त्या व्हायोलाकडे परत येऊ. तो मनासारखा का वाजत नव्हता? यातही गणित आहे. व्हायोलाचे सूर व्हायोलिनपेक्षा जेवढे खालचे आहेत, त्या मानाने त्याची पेटी व्हायोलिनच्या दीडपट हवी. व्हायोलिनची पेटी चौदा इंची, म्हणजे व्हायोलाची एकवीस इंची. पण एवढं धूड हनुवटीखाली कोण धरणार? म्हणून सोळा-सतरा इंचांवर भागवतात आणि आवाज जरा नाकात बोलल्यासारखा येतो. 1957 मध्ये हेन्री ब्रँट या संगीतकाराने हचिन्सबाईंना विचारलं, की खालच्या सुरांपासून वरच्या सुरांपर्यंत प्रत्येकाला योग्य मापाची पेटी असलेली आठ व्हायोलिनं करता येतील का? बाई कामाला लागल्या. सगळ्यांत छोटं हातभर लांबीचं, सगळ्यांत मोठं सात फूट उंच! व्हायोलाच्या जागी वीस इंची पेटीचं, सेल्लोसारखं उभं धरून वाजवायचं वाद्य. 1965 च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये या आठ भावंडांची पहिली मैफल झाली. यो-यो मा या थोर वादकाने बार्टोकची व्हायोलासाठी लिहिलेली रचना ध्वनिमुद्रित केली ती याच उभ्या वाद्यावर.

मग आता सगळीकडे हीच आठ वाद्यं असतील, असं तुम्हांला वाटेल. नाहीत. वाद्यवृंद आहे तसेच राहिले. नवी वाद्यं म्हणजे नवा रियाज, नव्या रचना, नवा खर्च. हचिन्सबाईंच्या आठ भावंडांचे संच आज मुख्यतः संग्रहालयांत आहेत, न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात आणि एडिंबरा विद्यापीठात. रांगोळीचंही तसंच. पुढच्या संशोधकांनी दाखवलं की दोन सुट्या फळ्या सुरात लावल्या म्हणजे व्हायोलिन उत्तम होईलच, असं नाही. फळ्या जोडल्या, आतली काडी बसवली, तारा ताणल्या की सगळा हिशेब पुन्हा बदलतो. हेही कळलं ते मोजल्यामुळेच. हचिन्सबाई 2009 मध्ये वारल्या. वय 98 वर्षं. शेकडो वाद्यं मागे ठेवून.

आणि स्त्रादिवारीचं गुपित? त्याची एक झकास परीक्षा झाली. जोसेफ कर्टिन हे आजचे अमेरिकन कारागीर, पटाशीही चालवतात आणि संगणकावर आवाजाचे आलेखही काढतात. 2005 मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिपचा मोठा मान मिळाला. त्यांनी आणि क्लॉडिया फ्रिट्झ या फ्रान्समधल्या संशोधक बाईंनी मिळून 2010 मध्ये इंडियानापोलिस शहरात 21 वादकांना बोलावलं. सहा व्हायोलिनं मांडली. तीन जुनी, त्यांत दोन स्त्रादिवारीची, आणि तीन नवी कोरी. हॉटेलच्या खोलीत अंधुक उजेड. वादकांच्या डोळ्यांवर वेल्डिंगवाले लावतात तसले काळे चष्मे. जुन्या लाकडाच्या वासावरून ओळखू नये, म्हणून हनुवटी टेकायच्या जागी अत्तराचा थेंब! मग विचारलं, यातलं कुठलं घरी न्यायला आवडेल? 21 पैकी 13 जणांनी नवं निवडलं. आणि सगळ्यांत कमी पसंती मिळाली ती स्त्रादिवारीच्याच एका व्हायोलिनला. पुढे मोठ्या वादकांना आणि श्रोत्यांना घेऊन असेच प्रयोग झाले, तिथेही नव्या वाद्यांनी मान खाली घातली नाही. म्हणजे स्त्रादिवारी मोठा नव्हता असं नव्हे हं. त्याच्या तोडीचं काम आजची माणसंही करतात, एवढंच.

आज तर कारागिरांच्या हाताशी आणखी अवजारं आली आहेत. 2011 मध्ये अमेरिकेत एका क्ष-किरणतज्ज्ञाने स्त्रादिवारीचं 1704 सालचं व्हायोलिन चक्क सीटी स्कॅनच्या यंत्रात घातलं, आपल्याकडे माणसाचा मेंदू तपासतात त्याच यंत्रात. हजारावर चित्रं निघाली. त्यांवरून संगणकाच्या यंत्राने फळ्या कापल्या आणि दोन कारागिरांनी त्या हाताने जोडून, रोगण लावून व्हायोलिन उभं केलं.

चला, आता रांगोळी तुम्ही काढा. एक खोल वाटी किंवा डबा घ्या. तोंडावर प्लास्टिकचा पातळ कागद ताणा, अगदी ढोलकीसारखा घट्ट, आणि रबरबँड लावा. वर चिमूटभर बारीक मीठ किंवा रवा पसरा. आता तोंड जवळ नेऊन 'ओऽऽ' असा सूर लावा. फुंकायचं नाही बरं, नाहीतर रवा नाकात! पुठ्ठ्याची नळी मधे धरली तर फुंकर बाजूला राहील. हळूहळू आवाज चढवा. एका सुराला रवा एकदम उड्या मारू लागेल. तो सूर धरून ठेवा आणि रवा कुठे गोळा होतो ते बघा. कागद जरा सैल करा, पुन्हा बघा. आमच्या वर्गात मुलींच्या आवाजाला जिथे नक्षी उठली, तिथे आमच्या शिपाईमामांच्या खर्जाला रवा हललाही नाही. मग मामांनी मोठा डबा आणला.

नक्षी जशी दिसेल तशी कागदावर काढून मला पाठवा. कोणता डबा, कोणता सूर आणि कागद किती ताणलेला होता, ते शेजारी लिहायला विसरू नका.